रस्त्यात पडून दुखापत झाली तर काय करायचे? आधी पडण्याचे खरे कारण कागदावर आणा

वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी आपल्या वस्त्यांमधून विहाराकडे निघालेल्या आज्या-मावश्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. पांढरी साडी, हातात चष्म्याची डबी आणि ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन सुरू व्हायच्या आत पोहोचायची घाई. आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हा काळ म्हणजे नेमका पावसाचा. मानवत, पाथरी, परभणी या पट्ट्यातली काळी माती कापसाला चांगली, पण तिचा चिखल चपलेच्या तळाला चिकटून राहतो आणि पुढे सिमेंटचा रस्ता किंवा फरशी लागली की पाय सरकतो. त्यात कुठे नालीवरचा ढापा तुटलेला असतो, कुठे पाइपलाइनसाठी खोदलेला चर नीट बुजवलेला नसतो आणि खांबावरचा दिवाही बंद असतो.

आमच्या कामातली एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही. सत्तरीच्या एक आजी विहारातून परत येताना तुटलेल्या ढाप्यात पाय जाऊन पडल्या. चार पोरांनी त्यांना बखोटीला धरून उचलले, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवले आणि दवाखान्यात नेले. खुब्याचे हाड मोडले होते. डॉक्टरांनी विचारले, “कसं झालं?” मुलाने सांगितले, “घरात पाय घसरून पडली.” पोलिसांचे लफडे नको, एवढाच त्याचा हेतू. केस पेपरवर तसेच लिहिले गेले. ऑपरेशन, नंतरची औषधे आणि सुनेची बुडालेली मजुरी धरून घरावर कर्ज झाले. पुढे काही महिन्यांनी कोणीतरी त्यांना उच्च न्यायालयाच्या आदेशाची बातमी दाखवली आणि ते आमच्याकडे आले. आम्ही कागद पाहिले. दवाखान्याच्या प्रत्येक कागदावर ‘घरात पडल्याने’ असेच होते. ढाप्याचा फोटो नव्हता, पंचनामा नव्हता, अर्जही नव्हता. मधल्या काळात ढापाही नवा बसला होता. आजींनी स्वतः आम्हाला काय सांगितले असेल? “माझंच ध्यान नव्हतं, बाबा.”

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. पडणारा माणूस स्वतःलाच दोष देतो. समाजशास्त्र शिकताना आम्ही वाचले होते की व्यवस्थेतला दोष गरिबाच्या नशिबावर किंवा त्याच्या वागण्यावर ढकलणे समाजाला सोपे जाते. वस्तीत काम करताना कळले की गरीब माणूस हे काम बरेचदा स्वतःच करून टाकतो. लक्ष नसेलही. पण ढापा तुटलेला होता, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

न्यायालयाने काय म्हटले आहे

२९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत मुसळधार पाऊस झाला. पाण्यातून चालत घरी निघालेले नामवंत पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीला सापडला. २५ सप्टेंबर २०२४ रोजी अंधेरीत पावसातच ४५ वर्षांची एक महिला उघड्या गटारात पडून वाहून गेली. मुंबईतल्या या घटनांची बातमी तरी झाली. तालुक्याच्या गावात मोडलेल्या मनगटाची किंवा खुब्याची बातमी कोणी छापत नाही.

मुंबई उच्च न्यायालयात खड्ड्यांच्या प्रश्नावर २०१३ पासून स्वतःहून दाखल करून घेतलेली जनहित याचिका सुरू होती. त्यात १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने जो आदेश दिला, तो आपल्या प्रत्येक विहारात वाचून दाखवावा असा आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये, आणि दुखापत झाली तर तिच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. ती ठरवायला समिती नेमायची. नगर परिषदेच्या हद्दीत या समितीत मुख्याधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. इतर यंत्रणांच्या रस्त्यांसाठी त्या यंत्रणेचे वरिष्ठ अधिकारी आणि प्राधिकरणाचे सचिव. घटना कळल्यापासून सात दिवसांत समितीने बसायचे, पुढे दर पंधरा दिवसांनी. अर्ज आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी आणि ९ टक्के व्याज. ही रक्कम नंतर दोषी कंत्राटदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायची. अर्ज आला नाही, तरी वर्तमानपत्रातल्या बातमीवरून किंवा पोलिसांच्या माहितीवरून समिती दखल घेऊ शकते. ही भरपाई मिळाली म्हणून कायद्यातले इतर मार्ग बंद होत नाहीत.

त्याच वर्षी, १४ मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने पायी चालणाऱ्यांचा पदपथ वापरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो असे सांगितले. चार चाके असणाऱ्याला रस्त्याचा हक्क कोणी समजावून सांगत नाही. पायी चालणाऱ्याला मात्र तो न्यायालयाकडून मिळवावा लागला.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर खोटी आशा लागेल. उच्च न्यायालयाच्या आदेशातले शब्द ‘खड्डा’ आणि ‘उघडे मॅनहोल’ असे आहेत. भर पावसात चांगल्या रस्त्यावर पाय घसरला, तर तो या आदेशात बसत नाही. तुटलेल्या ढाप्याची नाली ‘मॅनहोल’ आहे की नाही, यावर वाद घातला जाऊ शकतो. आमचे मत असे की माणूस आत पडेल अशी उघडी जागा रस्त्यात ठेवली असेल तर तिला नाव काहीही द्या, अर्ज करावाच. निर्णय समिती घेईल.

हा विचार तसा नवा नाही. दिल्लीत चांदणी चौकातला जुना घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्येच महापालिकेला जबाबदार धरले होते. रस्त्यालगतच्या आपल्या बांधकामाची वेळोवेळी तपासणी करणे हे मालकाचे काम आहे, दोष माहीत नव्हता ही सबब चालणार नाही, असा त्याचा अर्थ. उलट १९९७ मध्ये राजकोटच्या प्रकरणात, रस्त्याकडेचे झाड पडून एक पादचारी गेला तरी महापालिका जबाबदार धरली गेली नाही. म्हणजे प्रत्येक पडझडीला भरपाई मिळतेच असे नाही. प्रश्न हाच विचारला जातो, की धोका दिसत होता का आणि तो दूर करणे कोणाचे काम होते? याचे उत्तर फोटोतून आणि कागदातूनच देता येते.

पहिला तासभर

पडलेल्या माणसाला झटकन उभे करण्याची आपल्याकडे फार घाई असते. लोक जमतात, त्याला लाज वाटते आणि तोही “काही नाही झालं” म्हणत उठू पाहतो. थांबा. आधी बोला. नाव विचारा, कुठे दुखते ते विचारा, हातापायाची बोटे हलवायला सांगा. मान किंवा पाठ दुखत असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर हलवू नका. वयस्क माणूस कुशीवर पडला, उभे राहता येत नाही आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड व बाहेरच्या बाजूला वळलेला दिसतो, तर खुबा मोडला आहे असेच समजा. अशा माणसाला मोटारसायकलवर बसवणे म्हणजे मोडलेले हाड आणखी सरकवणे. १०८ ला फोन करा, हा सरकारी रुग्णवाहिकेचा मोफत क्रमांक आहे. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हाही क्रमांक आहे. गाडी येईपर्यंत छत्री धरा, अंगावर काही पांघरा. चहा-पाणी पाजू नका. ऑपरेशन करायची वेळ आली तर भूल देताना पोट रिकामे असलेले बरे.

हातावर पडलेल्या बाईच्या बांगड्या आणि अंगठी लगेच काढा. तासाभराने सूज आली की काढता येत नाहीत, मग कापाव्या लागतात. मनगट मोडले असेल तर घडी केलेले वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा खाली ठेवून ओढणीने सैलसर बांधा.

डोक्याला मार लागला असेल तर चोवीस तास नजर ठेवा. उलट्या, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, यातले एकही दिसले तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा. हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असलेल्या माणसाला डोक्याचा किरकोळ मारही धोक्याचा. ती गोळी सुरू आहे हे डॉक्टरांना न विचारता सांगा. नालीत पडून जखम झाली असेल तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा. हळद, चुना, बिडीची राख जखमेत भरू नका.

आणि हाड बसवणाऱ्याकडे जाऊ नका. हे लिहिताना आम्हाला माहीत आहे की आपल्याच घरातली मोठी माणसे रागावतील. “आमच्या काळी…” अशी सुरुवात होईल. घट्ट बांबूपट्टीने रक्तपुरवठा थांबून हात काळा पडू शकतो आणि कापावाही लागू शकतो. शिवाय तिथे केस पेपर नाही, एक्स-रे नाही. म्हणजे उपचारही गेला आणि पुरावाही गेला.

दवाखान्यातली दोन मिनिटे

सगळ्या लेखात ही जागा आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. डॉक्टर किंवा नर्स विचारतात, “कसे पडलात?” त्या उत्तराचे दोन ओळींचे टिपण होते आणि पुढची सगळी कागदपत्रे त्याचीच नक्कल करत जातात. तिथे सांगा: अमुक तारखेला, अमुक वाजता, अमुक दुकानासमोर, रस्त्यातल्या खड्ड्यात पाय जाऊन पडले. ते तसेच लिहिले आहे ना, हे वाचून पाहा. वाचता येत नसेल तर सोबतच्या पोराला वाचायला सांगा. ‘एमएलसी’ म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद करा, अशी विनंती करा. या नोंदीने तुमच्यावर गुन्हा दाखल होत नाही. पोलीस चौकीला कळवले जाते, इतकेच.

उलट बाजूही सांगायला हवी. काही ठिकाणी दवाखान्याच्या बाहेर ‘सल्लागार’ भेटतात. ते म्हणतात, “खड्डा कशाला लिहिता? मोटारसायकलने उडवले लिहा, विम्याचे पैसे मिळतील.” गाडी कोणाची दाखवायची, साक्षीदार कोण, हे सगळे तेच ठरवतात आणि वर आपला वाटा घेतात. हा गुन्हा आहे. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो, हे काही वेगळे सांगायला नको. पण व्यवहार म्हणूनही पाहा: खोटे प्रकरण उलगडले की खरी जखम असलेला माणूसच आरोपी होतो, सल्लागार नामानिराळा राहतो.

ऑपरेशन सांगितले तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे भरती होतानाच ‘आरोग्यमित्र’ला विचारा. योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवली आहे. रेशनकार्ड आणि आधार लागते. चौकशीचा क्रमांक १५५३८८. खुब्याचे ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांच्या आत झालेले बरे. कागदासाठी घरी परत नेऊन आठवडा घालवू नका, कागद आणायला दुसऱ्याला पाठवा. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिले, औषधांच्या पावत्या आणि ऑटोच्या भाड्याची चिठ्ठीसुद्धा एका पिशवीत ठेवा. मजुरी बुडाली असेल तर किती दिवस आणि कोणाच्या शेतात, ते वहीत लिहा.

त्याच दिवशी जागेवर परत जा

रुग्णासोबत एक जण दवाखान्यात गेला की दुसऱ्याने जागेवर थांबावे. फोटो आणि व्हिडिओ घ्या. जवळून एक, म्हणजे खड्ड्याची खोली कळेल. त्यात एखादी काठी किंवा पाण्याची बाटली ठेवा. लांबून एक, म्हणजे दुकानाची पाटी, खांबाचा क्रमांक, विहाराची कमान असे काही ओळखू येणारे दिसेल. रात्री घडले असेल तर रात्रीचाही घ्या, दिवा बंद असल्याचे त्यातच कळते. मोबाइलमधला मूळ फोटो पुसू नका. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या प्रतीत तारीख-वेळेची माहिती बऱ्याचदा राहत नाही. ज्यांनी उचलले त्यांची नावे आणि नंबर लिहून घ्या. समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्याच दिवशी बोला, कारण अशा कॅमेऱ्यात काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाते. तुटलेली चप्पल, फाटलेली साडी फेकू नका.

मग पोलीस ठाणे. सगळ्याच प्रकरणात गुन्हा नोंदवला जाईल असे नाही, पण निदान स्टेशन डायरीला नोंद करून तिची प्रत मागा. हाड मोडणे ही भारतीय न्याय संहितेत ‘गंभीर दुखापत’ आहे. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशा निष्काळजीपणासाठी कलम १२५ आहे, मृत्यू झाला तर कलम १०६, आणि सार्वजनिक रस्त्यात धोका किंवा अडथळा निर्माण करण्यासाठी कलम २८५. खोदलेला चर उघडा टाकून, कठडा किंवा फलक न लावता गेलेल्या कंत्राटदाराच्या बाबतीत ही कलमे आठवणीत ठेवा. जागेचा पंचनामा करा, असे तक्रारीतच लिहा.

रस्ता कोणाचा?

अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की तो तिथेच झोपतो. मानवतसारख्या गावात रस्त्याचे मालक अनेक. गावातल्या गल्ल्या, नाल्या, दिवे नगर परिषदेचे. महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम १९६५ मध्ये रस्ते, नाल्या आणि दिवाबत्ती ही नगर परिषदेची बंधनकारक कामे म्हणून सांगितली आहेत, मर्जीची नाहीत. परभणी-मानवत-पाथरी हा रस्ता कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग ६१ चा भाग, त्याची यंत्रणा वेगळी. खेड्यांकडे जाणारे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा जिल्हा परिषदेचे. कळत नसेल तर एकाच अर्जाच्या प्रती दोन-तीन कार्यालयांना द्या आणि एक प्रत परभणीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना अवश्य द्या, कारण समिती कोणतीही असो, त्या प्राधिकरणाचे सचिव तिच्यात असतातच.

एसटी बसमध्ये चढता-उतरताना बस सुटल्याने पडलात, तर तो मोटार अपघात. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, सहा महिन्यांच्या आत. तिकीट जपून ठेवा. मानवत रोड स्टेशनवर चालत्या गाडीतून पडला तर रेल्वे कायद्यातल्या ‘अनुचित घटने’ची भरपाई आहे, एक वर्षाच्या आत मागता येते. पण नुसते फलाटावर घसरून पडणे त्या तरतुदीत येत नाही, तिथे निष्काळजीपणा सिद्ध करून वेगळा दावा करावा लागतो. मंगल कार्यालय, हॉटेल किंवा खासगी दवाखान्यात पैसे भरून सेवा घेताना ओल्या फरशीवर घसरलात तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षे, सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. जिनिंगमध्ये किंवा बांधकामावर कामाच्या वेळी पडलात, तर मालकाची जबाबदारी हा वेगळाच विषय आहे, त्यावर स्वतंत्रपणे लिहू.

अर्ज साधा असावा. आम्ही सहसा असा लिहून देतो:

“मा. मुख्याधिकारी, नगर परिषद. विषय: रस्त्यातील खड्ड्यामुळे/उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या दुखापतीची भरपाई मिळणेबाबत. मी, वय …, राहणार …, दिनांक … रोजी … वाजता … समोरून पायी जात असताना तेथील … मध्ये पाय जाऊन पडले. माझ्या … चे हाड मोडले असून … येथे उपचार घेतले. मा. मुंबई उच्च न्यायालयाच्या सुमोटो जनहित याचिका क्र. ७१/२०१३ मधील दि. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशानुसार समितीची बैठक घेऊन मला भरपाई मंजूर करावी व सदर जागा तातडीने दुरुस्त करावी. सोबत: केस पेपर, एक्स-रे अहवाल, बिले, जागेचे फोटो, पोलीस नोंदीची प्रत, साक्षीदारांची नावे, आधार व बँक पासबुकची प्रत.”

पडणाऱ्याचे लक्ष नव्हते असे समोरच्याने म्हटले तर घाबरू नका. कायद्यात त्याला सहभागी निष्काळजीपणा म्हणतात. त्याने भरपाई कमी होऊ शकते, पण दुसऱ्याची चूक शून्य होत नाही.

वकील परवडत नाही, हे कारण आपल्यासाठी नाही

समितीपुढे वकिलाची गरज नसते. पण समितीने नाकारले किंवा नुकसान अडीच लाखांपेक्षा मोठे असले तर दिवाणी दावा करावा लागतो. नगर परिषदेविरुद्ध दाव्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. बहुतेक लोक याच मुदतीत अडकतात. प्लॅस्टर निघेपर्यंत दोन-तीन महिने जातात, मग सण, मग कापूस वेचणी.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, कोणत्याही स्त्रीला, मुलांना आणि दिव्यांगांना मोफत वकील मिळतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही. आपल्या काही बांधवांना अजून वाटते की दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले की अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती जातात. तसे नाही. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला आहे. जातीचा दाखला योग्य नमुन्यात काढून ठेवा, मोफत वकिलासाठी तोही लागेल. स्त्रियांना तर दाखल्याचीही गरज नाही. तालुका न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज मिळतो. फोनवरून विचारायचे असेल तर १५१००.

विम्याबद्दल एक गैरसमज. बँकेत वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख आणि कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख देते. मोडून जुळलेल्या हाडाला त्यात काही नाही. शेतकऱ्यांसाठीची गोपीनाथ मुंडे अपघात योजनाही सातबाऱ्याशी जोडलेली आहे. आपल्यातले बरेच जण ज्यांच्या शेतात राबतात त्यांचे नाव सातबाऱ्यावर असते, आपले नसते. त्यामुळे भूमिहीन मजुरासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशातली ही भरपाई जास्त मोलाची आहे, असे आम्हाला वाटते.

विहारात काय करता येईल

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात आणि त्यात साठीपुढची सर्वाधिक. तेव्हा कोणी पडायची वाट पाहण्यात अर्थ नाही. एका विहाराच्या महिला मंडळाने केलेले काम आम्हाला आवडले. पावसाळ्याआधी एका रविवारी वंदनेनंतर त्या वस्तीतून फिरल्या, तुटलेल्या सतरा जागांचे फोटो घेतले, प्रत्येकाखाली जागा लिहिली आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांचा एकच अर्ज दिला. सगळ्या जागा दुरुस्त झाल्या नाहीत. पण ज्या राहिल्या, तिथला धोका कार्यालयाला माहीत होता हे आता लेखी आहे. उद्या तिथे कोणी पडले तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ हे उत्तर देता येणार नाही.

काम नवे असून उखडले असेल तर माहिती अधिकारात विचारा: कामाचा आदेश, कंत्राटदाराचे नाव, देयक कधी निघाले, दोष दुरुस्तीची मुदत कधीपर्यंत आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही माफ. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. मुदत शिल्लक असेल तर कंत्राटदाराने स्वतःच्या पैशाने दुरुस्ती करायची असते, ‘निधी नाही’ हे कारण तिथे लागू होत नाही.

अर्ज कोणताही असो, दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्या. कारकून “साहेब नाहीत, उद्या या” म्हणाला तर वाद घालत बसू नका. त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा, कारण पावतीवरची शाई वर्षभरात उडते.